कोळशाने आखलेली दरी

ती दरी मी पाहिलेली नव्हती. पाहिली आहे असं मी सांगितलं. तेही एकदा नाही. रोज संध्याकाळी, माझ्याच ओट्यावर बसून, कोळशाने फरशीवर तिचा आकार काढून सांगितलं.

तेव्हा मी महसूल दफ्तरात नवा लागलेला कारकून होतो. मूळचा मुधोळकडचा. नेमणूक मिळाली ती पार जंगलाच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी. पुढे दफ्तराची खोली, मागे माझी राहायची खोली आणि बाजूला फरशीचा ओटा. गावात भीमपूरकडून जमिनीसाठी येऊन राहिलेले मराठी शेतकरी बरेच होते. दिवसा ते येत, "बाबू, एवढं पाहून द्या" म्हणत, काम झालं की उठून जात. संध्याकाळी ओट्यावर मी एकटा.

आम्ही बौद्ध. आजोबा लोकांच्या शेतात राबले, वडिलांनी धम्म स्वीकारला आणि मला शिकवलं. गावाला हे कळायला वेळ लागला नाही. तोंडावर कोणी वावगं बोललं नाही. मी चहा पुढे केला की मात्र "आत्ताच घेतला बाबू" हे उत्तर ठरलेलं. मी दोन कप भरायचो आणि दोन्ही मीच प्यायचो.

तो दुसरा कप पहिल्यांदा घेतला शेजारच्या मामांनी. बायको वारलेली, एकुलती मुलगी दूर दिलेली. घरात ते आणि एक तांबडी कुत्री. तिला ते 'बाई' म्हणत.

"कुत्रीले बाई काऊन म्हन्ता मामा?" मी एकदा विचारलं.

"घरात बाई पाह्यजे ना बाप्पा. हे भांडत नाही, लुगडं मागत नाही. आन् आपून आलो का दारात उभी राह्यते. बायको बी एवढी उभी नाही राह्यली कदी."

बाई ऐकून घेई आणि त्यांच्या पायावर हनुवटी टेकवून झोपे. मामा चहा बशीत ओतून पीत, शेवटचा घोट तिच्यापुढे ठेवत.

त्या हिवाळ्यात ज्वारी कणसाला आली आणि डुकरांनी रानं नासवायला सुरुवात केली. गावामागच्या टेकड्या लोकांच्या पायाखालच्या, पण डुकरं तिथली नव्हती. ती डोंगराच्या धारेपलीकडच्या दरीतून येत आणि उजाडायच्या आत तिथेच परत जात. त्या दरीत आमच्या गावचं कोणीच उतरलेलं नव्हतं. हाका घालून, म्हणजे आरडाओरडा करत डुकरं जाळ्यांकडे हाकून, शिकार करायची असं ठरलं. शिकारीवरची आजची बंदी तेव्हा आमच्या गावापर्यंत पोहोचली नव्हती. पण माहीत नसलेल्या दरीत हाका घालणार कसा? जाळ्या, म्हणजे वाघरी, कुठे बांधायच्या? खालून दुसरी वाट फुटते का?

दफ्तरासमोर उभं राहून हे बोलणं चाललं होतं. मी दारातून ऐकत होतो.

"मी गेलो आहे तिथं," मी म्हणालो. "गिरदावरसाहेबांसोबत, पाहणीला."

सगळी तोंडं माझ्याकडे वळली. बोललो त्यात निम्मं खरं होतं. गिरदावरसाहेब, म्हणजे जमिनींची पाहणी करणारे माझे वरिष्ठ, आणि मी त्या बाजूला गेलो होतो. धारेच्या अलीकडे मोहाच्या झाडाखाली बसून आम्ही भाकरी खाल्ली होती. साहेबांचे पाय दुखत होते. तिथेच एका गुराख्याला दोन प्रश्न विचारून, पाहणी झाली असं ठरवून आम्ही परतलो होतो. दफ्तरात ते रोजचंच होतं, कोणाला त्यात काही वाटत नसे. मलाही वाटलं नव्हतं.

त्या संध्याकाळी माझा ओटा भरला. मी चुलीतला विझलेला कोळसा आणला आणि फरशीवर दोन रेघा ओढल्या. या दोन धारा. मधे ओढा. इथे वरून उतरायला सोपं. खाली दरी रुंद होत जाते आणि ओढा सपाटीला लागतो. त्या सपाटीवर वाघरी बांधायच्या. मी बोलत गेलो तशी दरी मलाच दिसायला लागली. गुराख्याने ओढ्याला बारमाही पाणी असतं एवढंच सांगितलं होतं. बाकी सगळं माझं.

चहा केला. सगळ्यांनी घेतला.

पुढचे सगळे दिवस तेच. ज्याच्या घरी वाघरी होत्या तो शेतकरी मोठा थट्टेखोर. तो माझ्या रेघांवर उकिडवा बसे आणि म्हणे, "सरका ना भाऊ, ओढ्यात बसून राह्यले तुमी. धोतर भिजंल." कोणी कोणत्या अंगाने हाका घालायचा, कुत्री कुठून सोडायची, यावर भांडणं होत. वाट्यांवर तर फारच. आमच्याकडे शिकारीचे वाटे ठरलेले असतात. वाघर आणणाऱ्याला एक, हाका घालणाऱ्याला एक, प्रत्येक कुत्र्याचाही एक, तो त्याच्या मालकाकडे जातो. आणि जो जागा दाखवतो त्याचा वाटा सगळ्यांत आधी काढतात.

"मंग पह्यला वाटा बाबूचा," वाघरवाला म्हणाला. "भाजता येते का बाबू? का दफ्तराच्या शिक्क्यानं शिजवता?"

सगळे हसले. मीही हसलो. इतका मी त्या गावात आल्यापासून हसलो नव्हतो.

जायच्या आदल्या संध्याकाळी मामा फरशीकडे बराच वेळ पाहत बसले होते. मग हळूच म्हणाले, "बाबू, राग नका मानू. एखादा मानूस फुडं धाडून पाहून घेऊ का? आमची बाई सगळ्याच्या फुडं पळते, म्हून म्हन्तो."

तेव्हा हो म्हणायला हवं होतं. पाहायला गेलेल्या माणसाने माझं खोटं गावात उघडं पाडलं असतं आणि तिथेच सगळं संपलं असतं. पण ओटा भरलेला होता, कप फिरत होते.

"काऊन मामा?" मी म्हणालो. "मी सांगून राह्यलो ना."

मामा लगेच मागे सरले. जागा दाखवणाऱ्याचा शब्द तपासायला माणूस धाडणं म्हणजे त्याचा वाटा काढून घेण्यासारखंच, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. आपणच चुकलो अशा आवाजात ते म्हणाले, "बरोबर हाय. बाबूनं पाह्यलं म्हन्जे पाह्यलं."

दुसऱ्या दिवशी आम्ही धार ओलांडली आणि ती दरी मी पहिल्यांदा पाहिली. ती खाली रुंद होत नव्हती, आवळत होती. पुढे काय आहे ते वरून झाडीत कळत नव्हतं. वाघरी घेऊन माणसं सपाटीच्या शोधात दूरच्या वळणाने गेली. ठरल्या वेळी इकडून हाका सुटला. एक मोठं डुक्कर ओढ्याने खाली पळालं आणि कुत्री मागे लागली. बाई सगळ्यांच्या पुढे. मी सपाटी काढली होती त्या ठिकाणी डुक्कर एका फटीतून वर चढून नाहीसं झालं आणि ओढा कड्यावरून खाली पडत होता. मागची कुत्री थांबली. बाईचं भुंकणं अचानक तुटलं.

खाली उतरायला वाट नव्हती. मामा कड्याच्या काठावर पोटावर पडून हाका मारत होते, "बाई, ए बाई." दरीतून त्यांचाच आवाज वर येत होता. लोकांनी त्यांना उठवलं तेव्हा उन्हं कलली होती.

"हे सपाट व्हतं म्हनले ना बाबू?" वाघरवाल्याने विचारलं. त्याच्या आवाजात संशय नव्हता.

"पावसाळ्यात दरड खचली असंल," मी म्हणालो.

त्यांनी तेही मानलं.

परत येताना, वळणावर बांधून ठेवलेल्या वाघरीत एक ससा सापडला. गावात आल्यावर त्याचे वाटे घातले. पहिला वाटा पळसाच्या पानावर ठेवून माझ्या हातात दिला. माझ्या आजोबांच्या हातात कोणी असं काही ठेवलं नव्हतं. मी तो घेतला, घरी नेला, शिजवला आणि खाल्ला. बाईचाही वाटा काढला होता. तो मामांनी घरी नेला. सकाळी त्यांच्या उंबऱ्याबाहेर ते पान तसंच होतं, त्यावर मुंग्या चढलेल्या.

शिकारीचं बोलणं संपलं तसं ओट्यावर येणंही संपलं. मामा मात्र येत राहिले. चहा बशीत ओतत, शेवटचा घोट राखून ठेवत, मग काही आठवल्यासारखं करून तो ओट्याखाली ओतून टाकत. दरवेळी मी सांगू म्हणायचो. सांगितलं तर हा एक माणूसही जाईल, अशी भीती वाटायची. शेवटी त्या बशीकडे पाहणं मला जमेना. मी वर खटपट करून बदली मागून घेतली.

पुढे लग्न झालं, मुलं झाली, बढत्या झाल्या. घर माणसांनी भरलं. तरी चहाचे कप मांडले की माझा हात कधी कधी थांबायचा. बायकोने अनेकदा कारण विचारलं. गेल्या थंडीत तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला सांगून काय उपयोग?"

मग मी बस धरून गेलो. दफ्तर आता दुसरीकडे हललं आहे, ओट्याची फरशी लोकांनी काढून नेली आहे. मामा आपल्या अंगणात खाटेवर बसले होते. डोळ्यांनी कमी दिसत होतं, पण आवाजावरून त्यांनी मला ओळखलं. शेजारीण पाणी घेऊन आली तर तिला म्हणाले, "हे आपले बाबू. आमाले ते पल्याडची दरी दाखवनारे." त्या बोलण्यात टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं. त्यात कौतुक होतं.

शेजारीण गेली. अंगणात दुसरं कोणी नव्हतं, कुत्रंही नव्हतं. मी खाटेवरून उतरून त्यांच्या पायाशी खाली बसलो. अनेक वर्षं दफ्तरी भाषा लिहून लिहून मनात तयार केलेली वाक्यं होती, ती कामाला आली नाहीत.

"मामा," मी म्हणालो, "ती दरी मी पाह्यलीच नव्हती. तुमी मानूस धाडतो म्हनले, तवा मी अडवलं. दरड खचली म्हनलो, ते बी खोटं. तुमची बाई माह्या खोट्यानं गेली, आन् वरून पह्यला वाटा मीच खाल्ला. लोकाईनं माह्या ओट्यावर येऊन बसावं, एवढंच पाह्यजे होतं मले. तुमी तं तसेबी येतच होते. मले माफ करा, मामा."