मामाचा शब्द

धनाजी विरकर सांगलीजवळच्या एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात मेकॅनिकलचा प्राध्यापक होता. म्हणायला प्राध्यापक, मे महिना लागला की गडी मोटारसायकल काढून गावोगाव विद्यार्थी शोधत हिंडायचा. कॉलेजचा दंडकच होता तसा. आपल्या ब्रँचला मुलं आणा, नाहीतर नोकरीचं आमच्याकडून काही धरून चालू नका. एम.टेक. झालेला माणूस लोकांच्या ओट्यावर बसून माहितीपत्रकं वाटायचा, आणि लोक त्याला विमावाला समजून पाणीसुद्धा विचारायचे नाहीत.

त्या वर्षी मुलं मिळेनात. ज्याला त्याला कॉम्प्युटर हवं होतं. शेवटी धनाजी माण तालुक्यात आपल्या थोरल्या बहिणीकडे, बनाबाईकडे गेला. तिची प्रांजल बारावीला चांगल्या मार्कांनी पास झाली होती. तिलाही कॉम्प्युटरच हवं होतं. तिचा बाप भाऊसो मुंबईत माथाडी कामगार, तेव्हा सुट्टीवर आलेला. पोरीला परगावी ठेवायला तो मुळातच तयार नव्हता.

"मी हाय की तिथं, दाजी," धनाजी म्हणाला. "माझ्या घरात राहील, माझ्यासंगं येईल-जाईल."

मामाच्या शब्दाला आमच्याकडे वजन असतं. भाऊसो कबूल झाला, आणि मामाच्या नजरेखाली राहावं म्हणून प्रांजलनं मेकॅनिकल घेतलं. ब्रँच शेवटच्या घटका मोजतेय हे धनाजीला पक्कं ठाऊक होतं. पोरगी पास होऊन बाहेर पडेपर्यंत टिकेल, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली. स्वतःची नोकरी वाचवायची असली की माणसाला असं काहीही पटतं.

प्रांजल मात्र रमली. वर्कशॉपात खाकी एप्रन घालून लेथ मशीनपाशी उभी राहिली की तिला भुकेची शुद्ध राहायची नाही. हिला नवरा नको, एक लेथच बघून द्या, असं मामी चिडवायची.

दुसरं वर्ष संपलं आणि कॉलेजनं मेकॅनिकल बंद केलं. उरलेल्या मुलांना दुसरीकडे जागा मिळाल्या, प्रांजलला कोल्हापुरात. धनाजीची नोकरी वाचली. त्याला पहिल्या वर्षाला गणित शिकवायला दिलं.

भाऊसो गावी आलाय असं कळताच धनाजी तडक माणला गेला. होस्टेल चांगलं आहे, पोरगी हुशार आहे, शिकू द्या, म्हणून भाऊसोच्या हातापाया पडला. भाऊसोनं सगळं ऐकून घेतलं.

"तिथं कोण हाय तिचं?" तो म्हणाला. "तुमी व्हता म्हणून सांगलीला धाडली."

प्रांजलचं शिक्षण तिथंच थांबलं. ती कित्येक दिवस धड जेवली नाही. मग स्थळ आलं.

दहिवडीच्या कार्यालयात लग्न लागत होतं. मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं, असं भटजींनी माईकवरून पुकारलं. धनाजी आत गेला, पण त्याला तिच्या हाताला हात लावायचा धीर होईना. शेवटी प्रांजलनंच त्याचा हात धरला.

"चला मामा," ती म्हणाली. "कॉलेजातबी तुमीच घिऊन गेला व्हता."

बाहेर भटजी पुन्हा मामांना हाका मारत होते. धनाजी तिला घेऊन मांडवाकडे निघाला.