मागचा फोटो

फ्रेमवाल्या मास्तरांची एक सवय होती. कुणी जुन्या फ्रेममध्ये नवा फोटो बसवायला आणला, की ते जुना बाहेर काढत नसत. त्याच्यापुढे नवा ठेवायचा आणि मागून पुठ्ठा ठोकून टाकायचा. "बाहेर काढला की कडा वळतात, मग खणात पडून त्याला कसर लागते," असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे गल्लीतल्या निम्म्या घरांत नातवाच्या मागे आजोबा उभे होते आणि घरच्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

काच कापायची ती त्यांची बायको. मास्तर पट्ट्या जोडणार, ती काच कापणार, आणि दिवसभर दोघांची कुरबुर चालणार. ती गेली आणि दुकान मुकं झालं. आयुष्यभर दुसऱ्यांचे फोटो पुसणाऱ्या या बाईला स्वतःचा फोटो म्हटलं की कापरं भरायचं. एकच निघाला, तोही हातात काच आणि चेहऱ्यावर 'पुरे झालं आता' असा भाव. तो मोठा करून मास्तरांनी त्याला सागवानी फ्रेम केली होती; मूळचा छोटा फोटो पुढे खणात कसर लागून गेला. "कोपऱ्यातला सांधा शोधून दाखवा," असं ते गिऱ्हाइकांना अजून म्हणायचे.

गल्ली ओस पडत चालली तशी नगरपालिकेला एकाएकी तिची दया आली. कलाकारांना निम्म्या भाड्यात जागा, आणि जागा देणाऱ्या घरमालकाला कर माफ. मास्तर हरखले. चित्रकार म्हणजे चित्रं, आणि चित्रं म्हणजे फ्रेमा! त्यांनी पट्ट्यांचा ढीग मागवला. आली ती मंडळी कुणी तारा वाकवणारी, कुणी सरळ भिंतीच रंगवणारी. भिंतीला फ्रेम कुठून घालणार? घरमालक मात्र वरचेवर दारात.

"मास्तर, तुमच्या गाळ्यामुळे माझी करमाफी अडलीय. इथे कलाकारांचं काम होतंय असं तरी दाखवा, नाहीतर गाळा सोडा."

अशात वरच्या मजल्यावरची चित्रकार मुलगी एका सकाळी धापा टाकत आली. तिने गल्लीचंच चित्र काढलं होतं, मास्तरांचं दुकानही त्यात होतं. दुपारी नगरपालिकेच्या प्रदर्शनाचं उद्घाटन, आणि फ्रेम जिन्यात आपटून मोडलेली.

"काका, काहीही करा, पण आत्ता द्या!"

त्या मापाची फ्रेम दुकानात एकच होती. मास्तरांनी भिंतीकडे पाहिलं. पहिलंवहिलं कलाकार गिऱ्हाईक. हे चित्र प्रदर्शनात लागलं तर घरमालकाच्या तोंडाला कुलूप. त्यांनी बायकोची फ्रेम उतरवली आणि सवयीने चित्र तिच्यापुढे ठेवलं.

"आठ दिवस मागे गपचूप बस," ते पुटपुटले. "दुकान वाचतंय. परत आल्यावर काय बोलायचं ते बोल." आणि पुठ्ठा ठोकला.

चित्र पहिल्याच दिवशी नगरपालिकेने विकत घेतलं.

मुलगी नाचत सांगायला आली. मास्तर मटकन खाली बसले. तिला वाटलं, आनंदाने. खरं काय ते कळलं तेव्हा ती बिचारी रडकुंडीला आली आणि त्यांना घेऊन कचेरीत गेली. साहेब सज्जन होता, हीच तर पंचाईत. आरडाओरडा करणाऱ्याशी भांडता तरी येतं. त्याने सगळं ऐकून घेतलं, चहा पाजला आणि म्हणाला, "चित्र आता शहराच्या मालकीचं आहे. ते उघडायचा अधिकार मलाही नाही. शिवाय मागे काही असल्याची आमच्याकडे नोंद नाही."

"साहेब, नोंद नाही ती," मास्तर म्हणाले. "बायको आहे माझी."

दोघांनी खूप खेटे घातले. इकडे चित्राचा बोलबाला झाला, गल्ली बघायला माणसं येऊ लागली, आणि घरमालकाने मास्तरांचा गाळा एका शिल्पकाराला दिला. एका फ्रेमने दुकान कलाकारांचं होत नाही, म्हणाला. नशिबाने थट्टा तरी किती करावी! दुकानासाठी बायकोला मागे बसवलं, आणि दुकानही गेलं.

आता मास्तर शहराच्या दुसऱ्या टोकाला मुलाकडे राहतात. दर सोमवारी बस बदलून नगरपालिकेच्या दालनात येतात आणि चित्रासमोरच्या बाकावर बसतात. लोकांना वाटतं, म्हातारा मोठा रसिक दिसतोय. मास्तर चित्र बघतच नाहीत. सुनेचं, गुडघ्याचं, सगळं मनातल्या मनात सांगतात, आणि पलीकडून उलट उत्तर येत नाही म्हणून हिरमुसतात.

परवा फ्रेम एका बाजूला किंचित कललेली दिसली. पुसणाऱ्याचा धक्का लागला असणार. मास्तर उठले आणि सरळ करायला दोन्ही हात वर नेले. पहारेकरी धावतच आला.

"ओ आजोबा, हात लावू नका! शहराची वस्तू आहे ती."

मास्तरांनी हात मागे घेतले.

"वाकडी झालीय हो," ते म्हणाले. "तिला वाकडं चालत नाही."

पहारेकऱ्याने त्यांच्याकडे एकदा पाहिलं, मग स्वतःच बोटाने फ्रेम सरकवली.

"झालं?"

"अजून थोडी डावीकडे," मास्तर म्हणाले, आणि त्यांना रडू फुटलं.