प्रिन्स रुपर्टमधले सहा दिवस

१९९४च्या मार्चमध्ये मी पुणे सोडले तेव्हा वडील टॅक्सी स्टँडपर्यंत पोचवायला आले होते. पुणे स्टेशनजवळून मुंबईला जाणारी टॅक्सी चार प्रवासी झाल्याशिवाय सुटत नसे. मी आणि तीन वर्षांची सई मिळून ड्रायव्हरच्या मते दीड. उरलेले अडीच मिळायला वीस मिनिटे लागली. त्या वीस मिनिटांत वडिलांनी मला तीनदा विचारले, "रजाच आहे ना? राजीनामा नाही ना दिलास?" तिन्ही वेळा मी रजाच आहे असे सांगितले. टॅक्सी निघाली तेव्हा ते पुढच्या खिडकीशी वाकले. ड्रायव्हरला म्हणाले, "घाटात जपून हं."

रजाच होती. मी पुण्यातल्या एका दैनिकात आठ वर्षे उपसंपादक होते. संपादकांनी दोन वर्षांची बिनपगारी रजा मंजूर केली आणि वर सुनावले, "दोन वर्षं खुर्ची तुमची. तिसऱ्या वर्षी तिच्यात कोणीतरी बसलेलं दिसेल."

माझा नवरा श्रीधर मालवाहू जहाजावर चीफ इंजिनियर होता. त्याच्या कंपनीची जहाजे सिंगापूरच्या ऑफिसातून चालत. आम्ही सिंगापूरला राहिलो तर जहाज तिथे लागेल तेव्हा तरी भेट होईल, असा विचार होता. कागदावर तो बरोबर होता. प्रत्यक्षात जहाज सिंगापूरला यायचे ते इंधन घ्यायला. ते बाहेर नांगर टाकून उभे राहायचे आणि दहा-बारा तासांत निघून जायचे. श्रीधर छोट्या लाँचने किनाऱ्यावर यायचा, एमआरटी रेल्वेने बिशानला घरी पोचायचा, जेवायचा, सईचे किंडरगार्टनचे रंगवलेले कागद पाहायचा आणि परत जायचा. दोन वर्षांत असे पाच वेळा झाले.

बिशानला आमचा फ्लॅट अकराव्या मजल्यावर होता. दोन वर्षांत मी त्यात एकही जड वस्तू घेतली नाही. घडीचे टेबल होते, जमिनीवर गाद्या होत्या, आणि पुण्याहून जहाजाने आलेले चार खोके भिंतीला लागून तसेच बांधलेले होते. रजेवरचा माणूस कपाट घेत नाही. शेजारच्या चिनी आंटी सईला सांभाळायला न्यायला यायच्या, तेव्हा खोक्यांकडे बोट दाखवून हसायच्या: "टू इयर्स ऑलरेडी, स्टिल बॉक्स! यू मूव्हिंग आउट, आह?" मी हसून "सून, आंटी" म्हणायचे. घरच्या पत्रांत मी हॉकर सेंटरमधल्या पदार्थांबद्दल, वेळेवर येणाऱ्या गाड्यांबद्दल लिहायचे. खोक्यांबद्दल लिहायची गरज कधी वाटली नाही.

१९९६च्या एप्रिलमध्ये दोन पत्रे एकाच आठवड्यात आली. पहिले पुण्याहून: रजा संपली आहे, एक जूनला हजर व्हावे, अन्यथा जागा रिकामी झाली असे समजण्यात येईल. दुसरे श्रीधरच्या कंपनीचे, घरच्या पत्त्यावर त्याच्या नावाने: किनाऱ्यावर सुपरिंटेंडंटची जागा आहे, कंपनीच्या जहाजांच्या इंजिनांची देखरेख करायची, ऑफिस सिंगापुरातच, पाया लेबारला. जहाज पुढचे बंदर सोडण्याआधी होकार किंवा नकार कळवावा. त्याने ती नोकरी घेतली तर आम्ही तिघे सिंगापूरला एका घरात राहणार होतो आणि माझी पुण्याची जागा जाणार होती. मी पुण्याला परतले तर तो समुद्रावरच राहणार होता, कारण पुण्यात जहाजे लागत नाहीत. तिसरा मार्ग नव्हता.

मी जहाजावर निरोप पाठवला. श्रीधरचा उपग्रह फोन आला. त्याचे मिनिट फार महाग असे, म्हणून तो थोडक्यात बोलला, "हे फोनवर व्हायचं नाही. गहू भरायला प्रिन्स रुपर्टला चाललोय. कॅनडा. कॅप्टनना विचारलंय, जहाजावर राहता येईल. सईला घेऊन ये. अडीच दिवस मिळतील."

हाँगकाँगला एक विमान बदलले, व्हँकुव्हरला दुसरे. व्हँकुव्हरहून छोटे विमान दोन तास उत्तरेला जाते. प्रिन्स रुपर्टचा विमानतळ वेगळ्या बेटावर आहे. तिथे प्रवासी बसमध्ये बसतात, बस फेरीबोटीवर चढते, आणि बोट सगळ्यांना गावाच्या बाजूला आणून सोडते. आम्ही पोचलो तेव्हा पाऊस पडत होता. निघेपर्यंतच्या सहा दिवसांत तो एकदा थांबला. त्याबद्दल पुढे येईल.

गाव लहान आहे. एक मुख्य रस्ता, चढावरची लाकडी घरे, मासे डबाबंद करण्याचे कारखाने, गावाबाहेर धान्याची आणि कोळशाची गोदी. बाकी जंगल. सीडार आणि हेमलॉकचे उंच वृक्ष थेट पाण्याच्या काठापर्यंत उतरलेले असतात आणि त्यांच्या फांद्यांवरून शेवाळ लोंबत असते. सिंगापूरला आमच्या घरापासून अर्ध्या तासावर बुकित तिमाहचे जंगल आहे. इंग्रजीत दोन्ही जंगलांना रेनफॉरेस्टच म्हणतात. एक विषुववृत्तापासून दीड अंशाच्या आत, दुसरे चोपन्न अंशांवर. एकात घाम वाळत नाही, दुसऱ्यात मोजे. जहाजाच्या एजंटची व्हॅन चालवणारा वॉल्टर साठीचा होता आणि जन्मापासून याच गावात राहिलेला. सईने सिंगापूरहून आणलेली पिवळी छत्री उघडली तेव्हा तो म्हणाला की गावात छत्री उघडणारा माणूस पाहुणा असतो, इथले लोक भिजतात. सईने त्याच्याकडे जरा वेळ पाहिले आणि छत्री मिटली. मला ती पुन्हा उघडावी लागली.

गहू भरण्याची पद्धत अशी: गोदीवरचे मोठे नळे जहाजाच्या पोटावर येतात आणि त्यांतून गहू पडतो. पाऊस आला की काम थांबवून लोखंडी झाकणे लावतात, कारण भिजलेला गहू वाटेत कुजतो. आम्ही चढलो त्या दिवशी झाकणे बंद होती. दुसऱ्या दिवशीही बंद होती. अडीच दिवस संपले तेव्हा जहाज एक चतुर्थांशही भरलेले नव्हते. डेकवरच्या खलाशांचा मुकादम, म्हणजे बोसन, वेंगुर्ल्याचे पेडणेकर होते. जिन्यात भेटले की ते हात जोडायचे, मला नाही, आकाशाला. "वयनी, पावसाक सांगा, असोच रव. हो थांबलो की झाज भरला म्हणून समजा. मगे तुमी खंय नि बडो साब खंय!" बडो साब म्हणजे श्रीधर. सईने हे काम स्वतःकडे घेतले. रोज सकाळी केबिनच्या गोल खिडकीला नाक लावून ती जाहीर करायची, "बाबा, लोडिंग कॅनॉट ला! स्टिल रेनिंग!" आणि श्रीधर गंभीर चेहऱ्याने म्हणायचा, "येस, कॅप्टन."

तीन दिवस आम्ही मुख्य विषय काढला नाही. पाऊस होता तोवर वेळ आहे असे दोघांनाही वाटत होते. दुपारी त्याला सुट्टी मिळाली की आम्ही गावात जायचो. खलाशांसाठी चालवलेल्या एका खोलीत गरम कॉफी आणि विणलेल्या लोकरी टोप्या फुकट मिळायच्या. कारखान्याच्या धक्क्यावर गरुड बसलेले असायचे, आपल्याकडे कावळे बसतात तसे, एका रांगेत, माशांच्या आतड्यांची वाट पाहत. एकदा श्रीधर म्हणाला, "दहा वर्षांत साठ-सत्तर बंदरं झाली असतील. गाव म्हणून पाहिलेलं हे पहिलं."

चौथ्या दिवशी थर्ड ऑफिसर एक फाइल घेऊन आला. आमचा मुक्काम वाढला होता, म्हणून जहाजावरच्या माणसांच्या यादीत आमची नोंद पुढे वाढवायची होती. "मॅम, जस्ट साइन हिअर," तो म्हणाला. आठ वर्षे मी न वाचलेले पान कधी पुढे पाठवले नव्हते. मी त्याला बसवले आणि पान वाचले. सईचे जन्मवर्ष चुकले होते, ते दुरुस्त केले. पुढच्या पानावर श्रीधरची माहिती होती. ती वाचायला मला कोणी सांगितले नव्हते. अपघात किंवा मृत्यू झाल्यास कोणाला कळवावे, या रकान्यात त्याच्या वडिलांचे, म्हणजे अण्णांचे, नाव होते. नाते: वडील. पत्ता: चिपळूण. आमच्या लग्नाला तेव्हा सात वर्षे झाली होती.

संध्याकाळी मी विचारले.

"पहिल्या जहाजावर भरलेला फॉर्म आहे," श्रीधर म्हणाला. "नंतर दर जहाजावर तोच उतरवत आलो."

"सात वर्षं?"

"चालू फेरीत तो कोणी बदलत नाही. अपशकून मानतात. पेडणेकरांना विचार."

"आणि दोन फेऱ्यांच्या मध्ये?"

तो बुटांच्या लेस सोडायला वाकला. मग म्हणाला, "अगं, काय लिहायचं होतं? पुणं लिहिलं तर तू बिशानला. बिशान लिहिलं तर तू परत जाणार. दर पत्रात लिहितेस, रजा संपली की, रजा संपली की. अण्णा निदान जागेवर असतात."

"अण्णांकडे फोन नाही. तार चिपळूणला जाईल. मग ते एसटी स्टँडवर जाऊन बूथवरून मला फोन लावणार. दोन दिवसांनी मला कळणार."

"हो."

एवढेच झाले. आवाज कोणाचा चढला नाही. सई मेसमध्ये पेडणेकरांबरोबर कॅरम खेळत होती. दोन वर्षे मी अशी समजूत करून घेतली होती की वाट मी पाहते आहे आणि जातो तो आहे. जहाजाच्या कागदांवर उलट लिहिलेले होते. त्याच्या बाजूने पाहिले तर बिनपत्त्याची मी होते. बातमी आधी कोणाला कळावी, हे ठरवण्यात मी आठ वर्षे काढली होती. आमच्या घरापुरता तो प्रश्न मीच उघडा ठेवला होता.

पाचव्या दिवशी दुपारी पाऊस थांबला. ढग तसेच होते, पण झाकणे उघडली. नळे आले, गव्हाची धूळ उडाली. पेडणेकर लगबगीने जाताना म्हणाले, "वयनी, देवान आयकला नाय." सईने खिडकीतून पाहिले आणि काही जाहीर केले नाही. नळे रात्रभर चालणार होते, म्हणजे जहाज दुसऱ्या दिवशी सुटणार हे नक्की झाले. मी जहाजाच्या ऑफिसात जाऊन थर्ड ऑफिसरकडे कोरा फॉर्म मागितला. श्रीधर मागोमाग आला. "फेरी संपू दे," तो म्हणाला. "ऑगस्टला उतरतोय मी." 

"अपशकून माझ्या नावावर लिही," मी म्हणाले.

तो हसला आणि खुर्ची ओढून बसला. मी सांगत गेले, तो मोठ्या अक्षरांत लिहीत गेला. नाव. नाते: पत्नी. पत्ता: बिशान. ब्लॉक, मजला, रस्ता, सहा आकडी पोस्टल कोड, फोन. कोड त्याला पाठ नव्हता. सही करून त्याने कागद थर्ड ऑफिसरला दिला आणि कॅप्टनच्या केबिनमध्ये जाऊन कंपनीला होकाराचा संदेश पाठवला. पाया लेबारचा.

राजीनामा मी सहाव्या दिवशी सकाळी त्या टोप्यांच्या खोलीत लिहिला. चार ओळींना पाऊण तास लागला. संपादकांचे आभार मानणारी पाचवी ओळ लिहिली आणि खोडली, कारण ती वाचताना मला रडू येत होते आणि शेजारी दोन फिलिपिनो खलाशी पत्ते खेळत होते. पत्र गावच्या पोस्टात टाकले. आम्ही निघेपर्यंत पुन्हा पाऊस लागला होता. वॉल्टरने फेरीपर्यंत सोडले. सई पिवळी छत्री हातात धरून, न उघडता, बोटीच्या डेकवर उभी राहिली आणि पूर्ण भिजली.

माझ्या वडिलांचे पत्र महिन्याभराने बिशानला आले. रागाचा एकही शब्द नव्हता. शेवटी लिहिले होते, "राजीनाम्यात शुद्धलेखन तपासलेस ना? तिथे आता नवीन माणसे आहेत, नावे ठेवतील." त्या खुर्चीत माझ्यानंतर बसलेली मुलगी चांगले काम करते असे ऐकते. पुण्याला गेले की मी त्या रस्त्याने जात नाही. मी आता इथल्या एका जहाजविषयक मासिकाची इंग्रजी प्रुफे वाचते. काम बरे आहे, पण हेच वाक्य मराठीत कसे आले असते असा विचार दिवसातून एकदा तरी येतो आणि तो कोणाला सांगण्याजोगा नसतो. श्रीधर सकाळी साडेसातला निघतो आणि बहुतेक संध्याकाळी परत येतो. सई आठ वर्षांची आहे. ती मराठीत भांडते आणि इंग्रजीत माफी मागते.

जे तिकडे आहेत ते पत्रांत विचारतात, कधी परत येणार? जे आमच्यासारखे इकडे आले ते बिशान, वुडलँड्स अशा वस्त्यांतल्या घरच्या जेवणांत हाच प्रश्न एकमेकांना विचारतात. माझ्याकडे असलेले उत्तर या वर्षीच्या ऑगस्टमधले आहे. दुपारी अडीचला चिपळूणहून फोन आला. एका दवाखान्यातला कारकून बोलत होता. अण्णा अंगणात घसरून पडले होते. मांडीचे हाड मोडले होते, जिवाला धोका नव्हता.

"तुम्ही सूनबाई ना? जवळचे नातेवाईक म्हणून तुमचंच नाव लिहायला सांगितलंय त्यांनी," तो म्हणाला. "मी म्हटलं, आजोबा, गावातलं कोणीतरी सांगा, सिंगापूर काय करायचंय? तर रागावले. नंबर, पत्ता, सगळं तोंडपाठ. एकदा वाचून दाखवू का? आमच्याकडून इंग्रजी चुकतं कधी."

मी वाचा म्हटले. त्याने ब्लॉक वाचला, मजला वाचला, रस्त्याचे नाव अडखळत वाचले, मग पोस्टल कोडचे सहा आकडे, एकेक करून. दुरुस्त करण्यासारखे त्यात काही नव्हते. मी बरोबर आहे असे सांगितले आणि पाया लेबारच्या ऑफिसात श्रीधरला फोन लावला.