एस्तेरताईंच्या अप्रेझलमधली ती ओळ

एस्तेरताईंच्या अप्रेझलमध्ये मी खोटं लिहिलं होतं.

आज पहाटे ताई गेल्या. म्हणून हे लिहितोय.

सुप्याच्या एमआयडीसीत आमच्या कंपनीचं लीगल डिपार्टमेंट म्हणजे चार टेबलं. मी हेड, ताई असिस्टंट. नगर कोर्टातल्या आमच्या प्रत्येक केसची तारीख त्यांना तोंडपाठ.

एका केसमध्ये अपिलाची मुदत संपत आली होती. कागद सहीसाठी माझ्या टेबलावर पडून होते. ताईंनी दोनदा आठवण करून दिली. दोन्ही वेळा मी 'बघतो' म्हणालो.

मुदत गेली.

डायरेक्टरसाहेबांनी विचारलं, असं कसं झालं? मी सांगितलं, डिपार्टमेंटकडून फॉलोअप कमी पडला.

कुणाकडून ते त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

मग अप्रेझल आलं. ताईंच्या नावापुढे मीच टाइप केलं: 'फॉलोअपमध्ये सुधारणा आवश्यक.' रिटायरमेंटला दोन वर्षं राहिली होती. ऑफिसरचं प्रमोशन जवळजवळ ठरलेलं होतं.

ताईंनी फॉर्म वाचला. चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"सर, मी दोनदा सांगितलं होतं ना?"

"हो."

"मग हे कुणाबद्दल लिहिलंय?"

मी पेन त्यांच्यापुढे सरकवलं.

त्यांनी सही केली. दुसऱ्या दिवशीच्या तारखांची यादी माझ्यापुढे ठेवली आणि जागेवर जाऊन बसल्या.

प्रमोशन हुकलं.

वर्षभर ती ओळ मला खात राहिली. शेवटी डायरेक्टरसाहेबांना खरं काय ते लेखी दिलं. मला मेमो मिळाला, मिळायलाच हवा होता. ताईंचा शेरा पुसला गेला. पण तोवर ऑफिसरची पोस्टच रद्द झाली होती.

ताई असिस्टंट म्हणूनच रिटायर झाल्या.

सेंड ऑफला मी माईक हातात घेऊन सगळं कबूल केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला.

ताई जवळ आल्या, हळूच म्हणाल्या, "एवढ्या लोकांत कशाला, सर? मला एकटीला सांगितलं असतं तरी चाललं असतं."

मी कसंनुसं हसलो. घरी येतो एकदा, म्हणालो.

मी नगरलाच राहतो. त्यांचं घर स्कूटरवर दहा मिनिटं.

तीन वर्षं गेलो नाही.

आज गेलो. त्यांच्या मुलीने दार उघडलं. आई तुमचं नाव काढायची, म्हणाली. काय म्हणायच्या, हे विचारायचा धीर झाला नाही.

ती चहा ठेवायला आत गेली, तेव्हा खोलीत मी आणि ताईच होतो.

सांगितलं त्यांना.

उशीर झाला, ताई.

प्रभू तुम्हाला शांती देवो.