जसंच्या तसं, खाली सही

आमच्या स्टाफरूममध्ये तीन कपाटं आहेत, त्यातली दोन वह्यांमुळे बंदच होत नाहीत. पण त्याहून जास्त अडगळ माझ्या डोक्यात झालीय, किश्श्यांची. घरी सांगायला गेले की नवरा म्हणतो, “हा सांगून झालाय.” तुम्ही अजून ऐकलेले नाहीत, म्हणून तुम्हाला सांगते.

मी भोसरीतल्या एका शाळेत सातवीला मराठी शिकवते. यंदा अवतरणचिन्हांनी माझा जीव खाल्ला. नियम सोपा आहे. माणूस जे बोलला ते जसंच्या तसं लिहायचं आणि दोन्ही बाजूंना चिन्ह द्यायचं. पण आमची पोरं दिसेल तिथे चिन्हं लावतात. यशने तर निबंधात चुलत्याच्या नावालाच लावली.

मी विचारलं, “अरे, काका कुणी बोललंय का?”

“बाई, चौकातल्या फ्लेक्सवर तशीच हाईत की.”

शाळा सुटल्यावर जाऊन बघितलं. खरंच होती. खाली “भावी नगरसेवक” लिहिलेलं, त्यालाही होती. फ्लेक्सपुढे माझ्या फळ्याचं काय चालणार?

*

मग मी गृहपाठ बदलला. घरात कुणीतरी बोललेलं एक वाक्य रोज लिहून आणायचं. दुसऱ्या दिवशी निम्म्या वर्गाच्या आया एकच वाक्य बोलल्या होत्या: “बाळा, मन लावून अभ्यास कर.”

भोसरीत कुठली आई असं बोलते हो? मी वह्या टेबलावर आपटल्या. “खोटारडे आहात सगळे. कोण खरंच काय बोललं, हे मला कळणार कसं?”

वैष्णवीने हात वर केला. ही पोरगी फारशी बोलत नाही, पण बोलली की ऐकावं लागतं. तिचे वडील लातूरकडचे, इथे एका वर्कशॉपमध्ये बनलेले पार्ट तपासायचं काम करतात.

“बाई, पप्पांच्या कंपनीत रिपोर्टवर सही लागते. सही नसली की पार्ट पुढं जात नाही. आणि एकदा सही केली की मागं फिरता येत नाही.”

झालं. ज्याचं वाक्य त्याची खाली सही, हा नियम त्या दिवसापासून लागू. पहिली सही तिनेच आणली. मामाचा फोन आला होता म्हणे, पोरीला कशाला एवढं शिकवता म्हणून. त्यावर पप्पा म्हणाले होते, “दहावी झाल्याबिगर माझ्या पोरीला मी शाळेतनं काढत नसतो.” खाली ऐटदार सही, तारखेसकट. मी लाल पेनने “छान” लिहिलं आणि पुढची वही घेतली.

दिवाळीनंतर कळलं, ती कंपनी चाकणला चाललीय. पप्पा तिथे चार जणांत खोली करून राहणार, आई आणि वैष्णवी गावी. गावातली शाळा सातवीपर्यंतच. पुढची तालुक्याला, आणि तिकडे मुलींना कुणी पाठवत नाही.

“मग आठवीचं काय गं?” मी विचारलं.

“बघू, म्हणतात.”

हे “बघू” मी चांगलं ओळखते. माझ्या मावशीची शाळा याच शब्दावर सुटली. त्यानंतर वर्गात काहीही चाललेलं असो, माझी नजर तिच्या बाकाकडे जायची.

*

यशचे आजोबा इथल्या जुन्या गावातले. जमीन कधीच कारखान्यांत गेली, आवाज मात्र शेतातलाच राहिलाय. एकदा ते वही घेऊन थेट वर्गाच्या दारात उभे राहिले.

“बाई, म्या ह्यावर सही करनार न्हाई. ह्यानं माजं बोलनं धुऊन, इस्त्री करून लिवलंय.”

वहीत लिहिलं होतं, “मला आज जेवायचे नाही.”

“आणि तुम्ही काय म्हणाला होतात?”

“म्या म्हनलं, वाढून ठिवलं म्हंजी जेवलंच पायजे का?”

यशने सगळ्यांसमोर खोडून पुन्हा लिहिलं. आजोबांनी एकेका शब्दावर बोट ठेवून वाचलं आणि मगच सही केली. तेव्हापासून म्हातारबुवा सकाळीच वाक्य तयार ठेवतात. यश वैतागलाय. “बाई, आता ते बोलायच्या आधीच सही करून मोकळे होतात.”

*

ओंकारचे वडील सेकंड शिफ्टला असतात. हा शाळेतून घरी येतो तेव्हा ते कामावर, आणि सकाळी हा निघतो तेव्हा ते अर्धवट झोपेत. आठवडाभर त्याच्या वहीत एकच वाक्य: “जाताना दार लाव.” खाली वाकडीतिकडी सही.

मी ओरडले, “दुसरं काही आण की!”

“बाई, दुसरं बोलतच नाहीत ते.”

मला माझीच लाज वाटली. गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी असते. शुक्रवारी ओंकारने वही आणून माझ्यासमोर ठेवली आणि तिथेच उभा राहिला. वडिलांचं नवं वाक्य होतं, “दार राहू दे. बस इथं. रोज काय लिहितोस ते दाखव.” सही या वेळी सरळ होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, त्यात लपवायचं काय?

*

आमचे मुख्याध्यापक समोर येईल त्या कागदावर सही करतात, वाचत नाहीत. वर्गातला पंखा दोन महिने बंद होता. सर एकदा राउंडला आले आणि नेहमीसारखं म्हणाले, “सोमवारपर्यंत पंखा फिरेल.” वैष्णवीने ते लिहून घेतलं, वही पुढे केली, सरांनी सही ठोकली.

सोमवारी मधल्या सुट्टीत ती वही सरांच्या टेबलावर होती.

“हे मी म्हणालो?” सरांनी चष्मा काढून पुसला.

“सर, खाली सही आहे.”

दुपारी वायरमन आला. तेव्हापासून सर आमच्या वर्गात आले की नुसती मान हलवतात.

*

वार्षिक परीक्षा झाली आणि वैष्णवीचे पप्पा दाखला न्यायला आले. कंपनीचाच शर्ट, खिशाला पेन, हातात अर्ज. सरांनी मला बोलावून घेतलं. माझ्या मागोमाग वैष्णवी.

मी सकाळपासून काय काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं. मुलगी हुशार आहे, गावी हाल होतील, निदान दहावीपर्यंत तरी. तोंड उघडणार, तेवढ्यात वैष्णवीने दप्तरातून वही काढली. पहिल्या सहीचं पान उघडून अर्जाच्या शेजारी ठेवली.

पप्पांनी वाचलं. मग वही उचलून खिडकीपाशी नेली, उजेडात धरली आणि पुन्हा वाचलं. वाक्य वाचलं, तारीख बघितली, सहीवरून अंगठा फिरवला. तपासायचं कामच ते.

“माझीच हाय,” ते म्हणाले.

सरांनी विचारलं, “मग दाखल्याचं काय करायचं?”

पप्पांनी वही परत टेबलावर ठेवली. वैष्णवी टेबलाची कड धरून होती.

त्यांनी अर्ज उचलला, चार घड्या घातल्या आणि खिशात घातला. मग माझ्याकडे वळले.

“बाई, इथनं रोज चाकणला जायचं तर पहिली बस किती वाजता असती?”

मला माहीत नव्हतं. सरांनाही नव्हतं. पण वैष्णवीने तोवर वहीचं नवं पान उघडलं होतं. तिने लिहिलं, दोन्ही बाजूंना चिन्हं दिली आणि वही त्यांच्याकडे फिरवली.

“पप्पा, सही.”