बेप्पूहून आणलेली पुडी

अण्णांची बॅग उघडली तेव्हा आधी वास आला, फुटलेल्या फटाक्यांचा, थोडा नासलेल्या अंड्याचा… आणि मग घडी घातलेल्या शर्टांच्या तळाशी ती कागदी पुडी दिसली, पंज्याएवढी, वर डोंगर आणि डोंगरातून निघणारी वाफ छापलेली. अण्णा म्हणजे माझे वडील. वाळूजच्या एका कारखान्यात फिटर होते, तीन महिने जपानला शिकायला जाऊन आले होते. बजाजनगरातल्या आमच्या दोन खोल्यांत सगळी गल्ली जमली होती, आता काहीतरी चमचमतं निघेल म्हणून डोळे लावून. आणि या गृहस्थांनी आईसाठी आणली ती वास मारणारी भुकटी. मी नऊ वर्षांची, स्वभावानं तेव्हाही तुसडीच. तोंड पाडून बसले.

आंघोळीच्या पाण्यात घालायची ती भुकटी बेप्पू नावाच्या शहरातली होती, गरम झऱ्यांच्या. एका सुट्टीला तिकडच्या लोकांनी अण्णांना तिथं फिरायला नेलं होतं, आणि पुढं कितीतरी वर्षं ते शहर आमच्या घरात जेवणाच्या ताटाबरोबर वाढलं जाई. तिथं म्हणे गटारांच्या जाळीतूनही वाफ निघते, त्या वाफेवर अंडी नि रताळी शिजवून खातात. पाहुणे सुती झगे घालून, लाकडी खडावा वाजवत एका न्हाणीतून दुसऱ्या न्हाणीत हिंडतात. आणि उकळत्या निळ्या-तांबड्या तळ्यांना ते लोक नरक म्हणतात, तिकीट काढून बघायला जातात.

"तिकीट काढून नरक?" आई म्हणायची. "मे महिन्यात आपल्याकडं पाठवा त्यास्नी. फुकट हाय."

तिथल्या एका न्हाणीत अण्णांनी चूकही मोठी केली होती. पैठणच्या गोदावरीत न्हालेला माणूस. चड्डी घालून, साबणाची वडी घेऊन सरळ कुंडात उतरले आणि डोक्याला फेस करू लागले. फेस पसरला तशी बाकीची माणसं एकेक करून निमूट बाहेर निघाली. "कुणी रागावलं नाय," अण्णा सांगत, "तेच लई लागलं." मग एका म्हाताऱ्यानं त्यांचा हात धरून बाहेर आणलं, बुटक्या पाटावर बसवलं, तांब्या-तांब्यानं पाणी ओतून त्यांची पाठ चोळून दिली, आणि स्वच्छ झाल्यावर पुन्हा पाण्यात नेऊन गळ्यापर्यंत बसवलं. आधी बाहेर अंग धुवायचं, मग पाण्यात नुसतं बसायचं, कारण पाणी सगळ्यांचं. "माझ्या बापानंसुद्धा कधी माझी पाठ अशी चोळली नव्हती," हे वाक्य आलं की अण्णांचा आवाज खाली जाई. आणि त्या पाण्यात बसल्या-बसल्या त्यांना आईचे गुडघे आठवले होते.

आई पाचोडकडची. लहानपण मेंढरांमागं चालण्यात गेलेलं. पस्तिशीतच तिचे गुडघे हिवाळ्यात ठणकत. तापवलेल्या मिठाच्या पुरचुंडीनं गुडघे शेकत, पाय लांब करून बसलेली आई… तो मिठाचा, जुन्या सुती कापडाचा खरपूस वास अजून नाकात आहे. अण्णांना एवढंच हवं होतं, की एकदा तिनं ती भुकटी घातलेल्या गरम पाण्यात तासभर बसावं. भंगारातून आणलेलं मोठं लोखंडी पिंप त्यांनी आडवं कापून घेतलं, कडा ठोकून गुळगुळीत केल्या. पण ते भरायला पाणी कुठलं? नळ आठवड्यातून दोनदा, तासभर. आमच्याकडं धुण्याचं पाणी फरशीला, फरशीचं शेवग्याला.

"एवढ्या पाण्यात चार दिवस घर चालतं," आई म्हणाली. "मी काय म्हैस हाय डुंबायला? रोज नळ येऊ लागला की बघू." आणि पुडी ट्रंकेत, ठेवणीतल्या लुगड्यांखाली गेली. लग्नाकार्यात आमची आई मंद गंधकाच्या वासानं ओळखू येई.

एका दिवाळीत मात्र अण्णांनी हट्टच धरला. चार दिवस साठवून पिंप भरलं, पहाटेपासून पाणी तापवलं. आई पदर खोचून पिंपाशी आली, एक पाय उचललासुद्धा, तेवढ्यात शेजारच्या मावशी कळशी घेऊन दारात. त्यांची सून बाळंत झालेली, घरात थेंब नव्हता. आईनं उचललेला पाय खाली ठेवला आणि कळशी भरून दिली. मग दुसरी, मग तिसरी. तिसरी तर अण्णांनीच उचलून पोचवली. मला मात्र त्या तान्ह्या पोराचा फार राग आला होता.

त्यानंतर दर दिवाळीला अण्णा विचारायचे, "काढू का गं पुडी?" आणि आई म्हणायची, "पुढच्या साली." असं करता करता दोघं म्हातारी झाली.

यंदा वैशाखात, सकाळी चहा पिता पिताच अण्णा गेले. नळ सहा दिवस आलेला नव्हता. शेवटच्या आंघोळीला पाणी कुठून आणायचं या विचारात मी दारात उभी, तर समोरून मावशी हंडा घेऊन आल्या. त्यांच्यामागून सबंध गल्ली आली, कुणी कळशी, कुणी बादली, कुणी नुसता तांब्या. पिंप काठोकाठ भरलं… आयुष्यात पहिल्यांदा आमच्या अंगणात पाण्याला तोटा नव्हता. मला तेव्हा रडू फुटलं.

आईनं ट्रंक उघडली. भुकटीचा दगड झाला होता. तिनं तो बत्त्यानं फोडला.

"थोडी तुझ्या गुडघ्यांना ठेव," मी म्हणाले.

"नाय. त्यांनी लई वाट बघितली."

पुरुष पुढं झाले तशी ती म्हणाली, "पाठ मी चोळते." आधी साध्या पाण्यानं, साबण लावून, सावकाश तिनं त्यांचं अंग धुतलं. मग सगळी भुकटी घालून तापवलेलं पिंपातलं पाणी घातलं. क्रम चुकू दिला नाही. तोच वास अंगणभर झाला.

माणसं त्यांना घेऊन गेली. बायका अंगण धुवायला उठल्या, उरलेलं पाणी ओतून टाकायला कुणीतरी पिंपाला हात घातला, तेव्हा आई म्हणाली, "राहू दे." पाटावर बसली, लुगडं गुडघ्यापर्यंत ओढलं आणि दोन्ही पाय आत सोडले. असलं पाणी शिवू नये म्हणतात. पण बायका तिच्याभोवतीनं अंगण धुवत राहिल्या.

मी तिच्याजवळ बसले. विचारलं, "बरं वाटतंय का?"

"व्हय," ती म्हणाली. "लई बरं वाटतंय. त्यांना सांगायचं राहिलं."