फ्लेक्सवरचा भाडेकरू

पैसा वाचवायचा तर आधी तो मिळवावा लागतो, हा जगाचा नियम आमच्या वरच्या खोलीतल्या भाडेकरूनं साफ खोटा पाडला होता. साताऱ्याकडचा हा मुलगा माझ्याच वर्गात होता आणि नवी मुंबईतल्या बोनकोडे गावात आमच्या घराच्या माळ्यावर आणखी दोघांबरोबर राहायचा. एका वहीत तो दोन विषय बसवी. आधी पेन्सिलीनं अकाउंट्स, मग त्याच ओळींवर पेनानं इकॉनॉमिक्स. परीक्षा आली तेव्हा दोन्ही वाचता येईनात. मग माझी वही मागून नेली, झेरॉक्सला पैसे नकोत म्हणून पाठच करून टाकली, आणि माझ्याच वहीवर माझ्यापेक्षा जास्त मार्क मिळवले. सुट्टीच्या सकाळी तो तुर्भ्याच्या मार्केटात हमाली करणाऱ्या मामाकडे चालत जाई आणि उतरवताना चेपलेला माल पिशवीभर घेऊन येई. एकदा टोमॅटो आणले. सार, चटणी, भाजी, पुन्हा सार. चौथ्या दिवशी खोलीतल्या बाकीच्या दोघांनी ताटावर बहिष्कार टाकला. याला त्यात एका आठवड्याची बचत दिसली.

वरच्या खोलीला मीटर वेगळा, म्हणून तो पंखा लावत नसे. घामाघूम होऊन जिन्यात बसे, तेही तिसऱ्या पायरीवर, कारण आमच्या वायफायची रेंज तिथवरच पोचायची. आम्ही त्याला ओलांडून ये-जा करायचो. शेवटी आईच आपल्या आगरी बोलीत करवादली, "पोरा, कवरा भिजलास घामान! आमचे पंख्याखाली बस ये, वाऱ्याला काय पैसं परतान?" तो आला, पण फुकट नाही. त्या वाऱ्याच्या बदल्यात आईचे बँकेचे सगळे फॉर्म तो भरून देऊ लागला.

हा सगळा आटापिटा कशासाठी, ते त्यानं आम्हाला सांगितलं होतं. धाकट्या बहिणीला नर्सिंगला जायचं होतं. वडिलांनी स्वच्छ सांगितलं होतं, जूनपर्यंत पहिल्या वर्षाची फी तू उभी केलीस तर ती शिकेल, नाहीतर मी स्थळं बघायला मोकळा. हे मला माहीत होतं. पुढचं सांगताना ही गोष्ट मला लपवता येत नाही.

त्याचा वाढदिवस एप्रिलात. आमच्या गावात वाढदिवस म्हटला की नाक्यावर फ्लेक्स लागतो. मग या चिकट्याचाही लावू, अशी टूम मीच काढली. कॉलेजच्या आयकार्डावरचा फोटो, त्यावर फ्लेक्सवाल्यानं चिकटवलेला काळा चष्मा, 'काटकसरीचे बादशहा' ही पदवी आणि खाली शुभेच्छुक म्हणून आम्हा बारा मित्रांची तोंडं. फ्लेक्सवाल्यानं कुणाचा तरी जुना मजकूर तसाच वापरला होता. 'सायंकाळी स्नेहभोजनाचा लाभ घ्यावा' ही शेवटची ओळ काढायचं ना त्याला सुचलं, ना मला.

संध्याकाळी आळी लोटली. म्हातारी माणसं, बायका, क्रिकेटची टीम, आणि निवडणुकीला उभं राहायच्या विचारातले दोघं तर शाली घेऊन आले. तो इस्त्रीचा शर्ट घालून जिन्यात उभा होता आणि, खरं सांगतो, क्षणभर हरखून गेला होता. मग कुणीतरी जेवण कुठंय म्हणून विचारलं. मी त्याला बाजूला घेऊन म्हटलं, "मस्करी होती, सांगून टाकू ना सगळ्यांना."

"दारात आल्याली माणसं उपाशी लावून द्यायची? आमच्यात न्हाय तसं चालत."

त्यानं बिर्याणीच्या डेगी मागवल्या. मोबाईलवरून पैसे पाठवताना त्याचा अंगठा जरा थबकला. निम्मे मी देतो, असं मी म्हणालो खरा, पण त्यानं नको म्हणावं अशाच बेतानं म्हणालो.

"माझ्या नावानं आल्यात ना? मग मीच देणार," तो म्हणाला.

जूनमध्ये फी पुरी पडली नाही. मला ते कळलं दिवाळीनंतर, बहिणीच्या लग्नाची पत्रिका आली तेव्हा.

मी लग्नाला गेलो. आहेराचं पाकीट भरपूर जाड केलं होतं. नवरी तोंडभर हसून पाया पडली आणि मला कुठं बघावं ते कळेना. वडील त्याच्याशी बोलत नव्हते. तो मात्र पाहुण्यांना हवं-नको विचारत मांडवभर फिरत होता. जेवताना शेजारी त्याचा मामा बसला होता. तो हळूच म्हणाला, "पोरगी लई हुशार व्हती बघा. ह्यानं दोस्तांना पार्टी देऊन फीचं पैसं उडवलं. सोताच कबूल केलं बापापुढं. कुणी नादाला लावलं म्हणून लई इचारलं, पर एक नाव सांगंल तर शप्पत."

एवढ्यात तो जिलबीचं ताट घेऊन आमच्या ओळीत आला. माझ्या पानात दोन जास्त वाढत म्हणाला, "लाजू नको, पोटभर जेव."

त्यानं माझं नाव सांगितलं नव्हतं. मामा शेजारीच बसला होता, वडील दहा पावलांवर होते. मीही सांगितलं नाही.